एका सुराचे सुभेदार

आंधळा माणूस गातो, असा कोपरगावात सगळ्यांचा ठाम समज होता. त्यामुळे माझे डोळे गेले आणि थोड्याच दिवसांत आमच्या घरी एक पेटी येऊन पडली. कुणी पाठवली ते अजून कळलेलं नाही. पाठोपाठ टाळांची जोडी आली. तंबोराही यायचा होता, पण त्याआधीच माझी परीक्षा झाली.

डोळे कसे गेले ते एकदाच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कुणी विचारायला नको. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. उसाच्या रसात घालायचा चुना ज्या टाकीत कालवतात, तिच्यात काहीतरी बुडबुडतंय असं मला वाटलं आणि मी वाकून बघितलं. वाकायला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं कामही नव्हतं. कुणी मरायच्या आधी काशी बघतं, कुणी ताजमहाल बघतं. मी शेवटचं जे डोळे भरून बघितलं, ती चुन्याची टाकी. भरून म्हणजे अगदी शब्दशः भरून.

तर पेटी शिकवायला भजनी मंडळाचे बुवा आले. दुपारी येत, चहा घेत, सा लावत. मी सा लावला की थांबत. पुन्हा लावत. मग आणखी चहा घेत. शेवटी एक दिवस त्यांनी आईला ओट्यावर बोलावलं आणि हळू आवाजात, म्हणजे मला नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आक्का, राग मानू नगा. देवानं याचे डोळे नेले ते नेले, पर त्या बदल्यात काई द्यायचं देव साफ इसरला हाय."

आई रडली. डोळे गेले तेव्हा रडली होती, त्याहून जास्त रडली. डोळ्यांचं दुःख निदान चारचौघांत सांगता येत होतं. आंधळा आणि वर बेसूर, हे सांगायचं कुणाला?

बुवांनी ही बातमी गावभर केली आणि फिरत फिरत ती सुभेदारांपर्यंत गेली.

सुभेदार फौजेतल्या बिनतारी खात्यातून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगी संगमनेरला दिलेली. नदीकाठी दोन खोल्यांत एकटे राहत. दारात एक उंच कडुनिंब होता आणि कडुनिंबापासून समोरच्या बांबूपर्यंत एक तार ताणलेली होती. घरी बनवलेल्या यंत्रावरून, निव्वळ हौसेखातर, जगातल्या कुणाही हौशी माणसाशी बोलायचा त्यांच्याकडे सरकारी परवाना होता. बोलायचं म्हणजे तोंडानं नव्हे. पोस्टात तार करतात तसं, पितळी खटक्यावर कट्टकडकट्ट करून. गावात त्यांना 'खुळा सुभेदार' म्हणत. ही पदवी त्यांना मान्य होती. फक्त 'खुळा' नंतर येऊन 'सुभेदार' आधी यावं, एवढंच त्यांचं म्हणणं असे.

ते आमच्या घरी आले ते बुटांसकट. आई म्हणाली, "बसा." ते बसले नाहीत. माझ्यासमोर उभे राहून, परेडवर हुकूम द्यावा तशा आवाजात म्हणाले, "गाता येत नाही म्हणे?"

"नाही."

"पेटी?"

"नाही."

"तबला?"

"तोही नाही."

"शाबास! एक सूर ओळखू येतो का? एकच. दुसरा लागत नाही."

मी म्हणालो, "एक येईल बहुतेक."

"उद्या ये. सकाळी. चहा मिळेल. साखर घरून आण."

आईनं विचारलं, "कुठं न्यायचा याला? काय करायला?" पण सुभेदार तोवर पाठ फिरवून चालू लागले होते. उत्तर द्यायचा त्यांचा रिवाज नव्हता, असं मी तेव्हा ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी मला हाताला धरून तिकडे सोडून आली. खोलीत गरम धुळीचा आणि राळेचा वास होता. यंत्रांतले दिवे तापले की धूळ तापते आणि तसा वास येतो, हे पुढे कळलं. सुभेदारांनी माझी बोटं धरून मला सगळं घर दाखवलं. हा ऐकायचा सेट, फौजेच्या भंगारातून आणलेला, याला 'कर्नल' म्हणायचं, कारण याला सगळं ऐकू येतं आणि काही कळत नाही. हा पाठवायचा सेट, घरी बनवलेला, याला 'शिपाई' म्हणायचं, कारण काम हाच करतो. इथे हात लावायचा. इथे लावायचा नाही. लावलास तर पुढच्या वेळी सांगायची गरज पडणार नाही.

मग त्यांनी मला विचारलं, "शाळेत वृत्तं होती?"

"होती. नापास झालो."

"गण आठवतात?"

ते मात्र आठवत होते. मास्तरांनी छडीनं घटवून घेतले होते. मी म्हणायला लागलो, "यमाचा, राधिका, ताराप, भास्कर, जनास..."

"बस. झालं की निम्मं. यमाचा म्हणजे लघु, गुरू, गुरू. आखूड, लांब, लांब. ती इंग्रजी डब्ल्यू. राधिका म्हणजे लांब, आखूड, लांब. ती के. जनास ती आर. नमन ती एस. आता रड कशाला?"

मी रडत नव्हतो. पण ज्या गणांनी मला शाळेत छड्या खायला लावल्या, ते एवढी वर्षं दबा धरून माझी वाट बघत बसले असतील याची मला कल्पना नव्हती. महिन्याभरात मला मोर्सची, म्हणजे त्या कट्टकडकट्टची, बाराखडी आली आणि माझ्या घरच्यांचं जगणं अवघड झालं. मी ताटावर वाजवायचो, खाटेवर वाजवायचो, दादा शेजारी झोपला असेल तर दादावर वाजवायचो. दादा आईला म्हणाला, "डोळ्यांचं समजलं. आता हे काय?" वहिनीच्या लाटण्याच्या आवाजात मला अक्षरं ऐकू येऊ लागली. एकदा मी तिला मोठ्या कौतुकानं सांगितलं, "वहिनी, तुम्ही आत्ता पोळपाटावर 'गाढव' लिहिलंत." तिनं लाटणं थांबवून म्हटलं, "मग बरोबर वाचलंत, भावजी."

सुभेदार तोंडानं बोलत तेही तारेसारखंच बोलत. "चहा. दोन. आलं." "ऊन. टोपी." लांबण लावणाऱ्या माणसाचा त्यांना तिटकारा होता. ते म्हणत, "तोंडाला बोलायला काय लागतं? एकेक अक्षर मनगटानं काढायला लागलं ना, की माणूस खोटं बोलायचा कंटाळा करतो." हौशी मंडळींत ध्वनिक्षेपकावर तोंडानं बोलणारेही असतात, त्यांना सुभेदार 'भाजीवाले' म्हणत.

पाठवायचा सेट तारेशी जुळवायचा तर डोळेवाली माणसं मीटरचा काटा बघतात. माझ्यासाठी सुभेदारांनी मोटारीच्या पुढच्या दिव्याचा एक बल्ब आणला आणि तारेच्या जागी तो जोडला. म्हणाले, "बटण फिरव. बल्ब सगळ्यात गरम लागेल तिथं थांब. काटा लोकांना नाचवतो. ऊब खोटं बोलत नाही." ऊब खरंच खोटं बोलत नव्हती. फक्त कधीकधी फार खरं बोलायची. त्या दिवसांत माझ्या उजव्या हाताच्या बोटांना कायम फोड असत आणि आई त्यांना तूप लावताना सुभेदारांच्या सगळ्या पलटणीचा उद्धार करत असे.

मी खटका दाबायला लागलो की सुभेदारांची दोन बोटं माझ्या मनगटावर येत, वैद्य नाडी बघतो तशी. मला ती माया वाटे. मी प्रश्न विचारले की कधी उत्तर मिळे, कधी मिळत नसे. मूर्ख प्रश्नांना ते उत्तर देत नसावेत, असं मी धरून चाललो होतो. माझे बरेच प्रश्न मूर्ख असल्यामुळे ते जुळतही होतं. तो बहात्तरचा दुष्काळ. गोदावरीत पाणी म्हणून राहिलं नव्हतं, नदीकाठी बसून नदीचा आवाज येत नव्हता. शेजारच्या काकू एकदा कुंपणापाशी येऊन करवादल्या, "सुभेदार, तुमच्या या तारेनं ढग पळवलेत. समदी लोकं म्हनत्यात. काढून टाका ती!" सुभेदार शांतपणे म्हणाले, "चालेल, चालेल. ठेवा तिथं."

काकू अवाक होऊन निघून गेल्या. मी मनात म्हटलं, काय हा मुत्सद्दीपणा! या माणसाकडून शिकावं तेवढं थोडं.

आणि मी स्वतःच्या कानांचा फार तोरा मिरवत होतो, हेही इथे सांगितलं पाहिजे. चपलांच्या आवाजावरून माणूस ओळखतो, नाण्याच्या आवाजावरून चार आणे की आठ आणे सांगतो, कारखान्याच्या भोंग्यावरून वारा कुठला ते सांगतो. घरी पाहुणे आले की दादा मला हे सगळं करून दाखवायला लावत असे. पाहुणे म्हणत, "देव एक नेतो, दुसरं देतो." बुवा तेवढ्यापुरते चूप बसत.

मग ते झाडाचं झालं.

उन्हाळ्यात एक दिवस तारेची दोरी कडुनिंबावर तुटली. त्या दिवशी मला सोडायला वहिनीबरोबर आईही आली होती. सुभेदार म्हणाले, "चढ."

"मी?"

"मग मी? माझा गुडघा वाजतो."

"अहो, मला दिसत नाही."

"म्हणूनच. डोळेवाला खाली बघतो आणि घाबरतो. तुला ती सोय नाही."

आई मधे पडली. सुभेदारांच्या पुढ्यात जाऊन तिनं हात जोडले असावेत, कारण तिच्या बांगड्या वाजल्या. "अवो, पाया पडते. त्याला दिसत न्हाई!"

"झाडाला तरी कुठं दिसतं? एवढी वर्षं उभं आहे ना?"

मी चढलो. शौर्यामुळे नव्हे, आई ओरडत होती आणि वहिनी बघत होती म्हणून. पण वर गेल्यावर, सांगायला हरकत नाही, मजा आली. डोळे गेल्यापासून मला कुणी ओट्याची पायरीसुद्धा एकट्याला उतरू दिली नव्हती. पायाखाली फांदी हलत होती, वारा चारी बाजूंनी लागत होता, निंबोण्यांचा कडवट वास होता. मी दोरी ओवली, गाठ मारली, ओढून बघितली. मग मला मुंगळे चावायला लागले आणि मला कळलं की मी कुठल्या फांदीवरून आलो ते विसरलो आहे.

"सुभेदार, खाली कसा येऊ?"

उत्तर नाही. खाली ते काचकागदानं तार घासत होते, तो खसखस आवाज स्पष्ट येत होता.

"सुभेदार! पाय कुठं टाकू?"

खसखस चालूच. मी ओळखलं: ही परीक्षा आहे. फौजेत अशीच घेतात. मी दात आवळून गप्प बसलो. मुंगळे धोतरात... पायजम्यात म्हणायला हवं, त्या वयात धोतर कुठलं, पण मुंगळ्यांना त्याचं काय. थोड्या वेळानं फौजी बाणा संपला आणि मी बेंबीच्या देठापासून बोंबललो. कुंपणाबाहेर माणसं जमली. एक जण विचारत होता, "काय झालं?" दुसरा म्हणाला, "खुळ्या सुभेदारानं आंधळ्याला झाडावर टाकलाय." मी आणखी ओरडलो, "सुभेदार, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

मग वहिनीचा आवाज आला, "भावजी, त्यान्ला काय हाका मारताय? त्यान्ला न्हाई ऐकू येत!"

"आज येत नाही?"

"आज कशाचं! कवाच न्हाई येत. बहिरे हायती ते. तोंडाकडं बघून वळखतात. समद्या गावाला ठावं हाय. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. चपलांवरून माणूस ओळखणारा मी, वर्षभर एका बहिऱ्या माणसासमोर बसून ऐकण्याची विद्या शिकत होतो आणि तो बहिरा आहे हे मला ऐकू आलं नव्हतं. मनगटावरची बोटं, पाठमोरी न मिळालेली उत्तरं, काकूंचे ढग, सगळं एकेक करून त्या फांदीवर येऊन माझ्याशेजारी बसलं. फांदी मोडली नाही हेच नवल.

वहिनीनं सुभेदारांच्या खांद्याला हात लावून वर दाखवलं, तेव्हा कुठे त्यांनी काचकागद ठेवला. "डावा पाय. खाली. अजून. शाबास," असं करत त्यांनी मला उतरवलं. उतरल्यावर मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन, जमेल तेवढ्या रागानं म्हणालो, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय?"

"ऐकू येत नाही ते!"

सुभेदार म्हणाले, "तुला दिसत नाही, हे तू मला सांगितलं होतंस? नाही. ते मला दिसलं. मला वाटलं, तुला ऐकू आलं असेल."

कुंपणाबाहेरची माणसं हसत होती. वहिनीही हसत होती. ती तोंडावर पदर धरून हसते तो आवाज मला चांगला ओळखू येतो. शेवटी मीही हसलो, मुंगळे झटकत.

त्या दिवशी चहा पिताना सुभेदार प्रथमच तारेच्या भाषेत न बोलता बोलले. तोफखान्याशेजारी वर्षं काढलेली. कान आधीच गेल्यात जमा होते, निवृत्तीनंतर उरलेसुरलेही गेले. सेटचा आवाज मोठा करून कर्ण्याच्या कागदी पडद्यावर बोटं टेकली की मोठे आवाज बोटांना लागत. अजूनही लागतात. पण बारीक, दूरचे आवाज बोटांतून निसटून जातात. "आणि बोलण्यासारखी माणसं," ते म्हणाले, "नेमकी दूरची असतात."

दूरचा म्हणजे एक मेंढपाळ होता. टास्मानियात. ऑस्ट्रेलियाच्या पायथ्याशी एक बेट आहे, त्यावर. सुभेदार फौजेतून आले तेव्हापासून रविवारी ऊन कललं की त्याची आणि यांची गाठ पडायची. इंग्रजीत, तेही तोडक्यामोडक्या सांकेतिक इंग्रजीत. गेल्याच्या आधीच्या पावसाळ्यापासून सुभेदार दर रविवारी त्याला हाक मारत होते. तो उत्तर देत असेल की नाही, तेच त्यांना कळत नव्हतं.

"म्हणून मला बोलावलंत," मी म्हणालो.

"मग काय तुझ्या पेटीसाठी?"

माझा कान आता दूरचं टिपण्याइतका तयार झाला, असं सुभेदारांनी ठरवलं, आणि पुढच्या रविवारी मी कानांवर हेडफोन चढवून कर्नलसमोर बसलो. माझा डावा हात सुभेदारांच्या गुडघ्यावर. मला जे ऐकू येईल ते मी गुडघ्यावर ठोकायचं आणि ते वाचणार. सुभेदारांनी हाक मारली. मी ऐकू लागलो. खरखर, शिट्ट्या, कुठल्या तरी चिनी बाईंचं भाषण, आणि त्या सगळ्याच्या तळाशी, विहिरीत पडलेल्या भांड्याच्या आवाजासारखा, एक बारीक, सरळ, एकच सूर. लांब, आखूड. आखूड, लांब. परवान्याबरोबर प्रत्येकाला अक्षरांची एक खूण मिळते, नावाच्या जागी; सुभेदारांचीच खूण तो परत परत पाठवत होता.

माझं बोट चुकलं. मग सुधारलं. मी ठोकत गेलो आणि गुडघा माझ्या हाताखाली ताठ झाला. मेंढपाळ विचारत होता: बरा आहेस का? कित्येक रविवार तुला उत्तर देतोय. तुझी हाक ऐकू येते, पण तू माझं ऐकतच नाहीस. रागावलास का?

मग खटका वाजला. ते पाठवत होते ते मी ऐकलं: 'रागावलो नाही. कान बिघडले होते. आज नवे बसवले.'

थोड्या वेळानं तिकडून आलं: 'अभिनंदन. नवे कान कसे आहेत?'

सुभेदारांनी पाठवलं: 'चांगले. स्पेलिंग कच्चं.'

हेसुद्धा मलाच ऐकावं लागलं. आयुष्यात माझी पहिली आंतरराष्ट्रीय बदनामी.

तेव्हापासून दर रविवार तसा जाऊ लागला. आईसुद्धा येऊन बसायची. आधी म्हणायची, "कुनाशी बोलता येड्यावानी?" मग हळूहळू, "इचार त्याला, तिकडं पाऊस हाय का?" मी ठोकायचो, सुभेदार पाठवायचे, उत्तर यायचं: नाही, गवत करपलंय, मेंढरं लांब न्यावी लागतात. आई म्हणायची, "घ्या! म्हंजे तिकडचे ढग बी आपल्याच तारेनं पळवले जनू." आणि मग काळजीनं, "त्याला म्हनावं, कडबा जपून वापर." टास्मानियाच्या मेंढपाळाला कोपरगावच्या बाईनं कडब्याचा सल्ला दिला. तो त्यानं मानला, असं त्यानं पुढच्या रविवारी कळवलं. कडबा म्हणजे काय हे मात्र त्यानं विचारलं नाही.

माझा स्वतःचा परवाना काढायला आम्ही मुंबईला सरकारी कचेरीत गेलो. मनमाडला गाडी बदलताना सुभेदार माझे डोळे झाले आणि मी त्यांचे कान, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. प्रत्यक्षात फलाटावरची घोषणा मी ऐकली, त्यांना सांगायला त्यांच्या तोंडासमोर जाईपर्यंत ती गाडी सुटली. कचेरीत साहेबांनी सुभेदारांना विचारलं, "परीक्षा कुणाची आहे?" सुभेदार खिडकीबाहेर बघत असावेत, बोलले नाहीत. साहेबांनी खुणेनं मला विचारलं असावं; मी बोललो नाही. शेवटी शिपायानं दोघांना हलवलं.

"मीटर दिसत नाही, तर सेट जुळवणार कसा?" साहेबांनी विचारलं. मी बोटं पुढे केली. फोडांचे व्रण बघून ते म्हणाले, "ही काय उत्तरपत्रिका आहे?" पण मग बल्बाचं सगळं नीट ऐकून घेतलं.

त्या वेळी मी नापास झालो. ऐकण्यात नव्हे, पाठवण्यात. माझ्या हाताला सुभेदारांचं वळण लागलं होतं. ते शेवटचं अक्षर गिळत आणि मधलं लांबवत. साहेब म्हणाले, "हे मोर्स आहे की कोपरगावची बोली?" गावाकडच्या माणसाची मुंबईत बोलण्यावरून थट्टा होते हे ऐकून होतो, टकटक करण्यावरूनही होते हे नवीन होतं. दुसऱ्या खेपेला मी शहरी मोर्स घोकून गेलो आणि पास झालो.

परवाना आल्यावर सुभेदारांनी पाठवायचा सेट, म्हणजे आमचा 'शिपाई', माझ्या हवाली केला. "आता तू हाक मार. तुझ्या खुणेनं." मी मारली. पहिलं उत्तर आलं ते मद्रासकडच्या एका हौशी माणसाचं. तो कोण, कसा, काही माहीत नव्हतं. आणि त्याला मी कोण हेही माहीत नव्हतं. त्यानं पहिलीच गोष्ट मला सांगितली: 'तुझा सूर हलतोय. सेट नीट कर. फार घाईनं पाठवतोस.'

मी हेडफोन काढून ठेवले आणि वेड्यासारखा हसत सुटलो. डोळे गेल्यापासून, सुभेदार आणि मुंबईचे साहेब सोडले तर, मला कुणी रागावलं नव्हतं. सगळे 'बिचारा' म्हणत, आवाज मऊ करत, हातात काही तरी खायला देत. आणि इथे, सहा-सातशे मैलांवरून, एक अनोळखी माणूस मला सरळ झापत होता, कारण मी खरोखरच वाईट पाठवत होतो. मला वाटलं, या जगात राहायला हरकत नाही. इथं कुणालाच कुणी दिसत नाही, आणि त्यातला सर्वांत बेसूर माणूससुद्धा सुरात असतो, कारण सूर एकच आहे. मी सुभेदारांना त्यांच्या तोंडासमोर जाऊन सांगितलं, "तो म्हणतो, माझं वाईट आहे!"

ते म्हणाले, "मग? मी वर्षभर काय म्हणत होतो?"

पुढे सुभेदार पार बहिरे झाले आणि डोळ्यांनाही नीट दिसेनासं झालं, तेव्हा ओठ वाचणंही संपलं. त्यांच्याशी बोलायचं तर तळहातावर ठोकायचं, एवढंच उरलं. ते जमणारा गावात मी एकटा. लोक म्हणत, बघा, आंधळा म्हाताऱ्याचा हात धरून कसा बसतो. आम्ही त्या वेळी बहुधा काकूंची चेष्टा करत असू.

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात भेटलो. दुपारची वेळ होती. संगमनेरहून मुलगी आणि जावई आले होते. खाटेभोवती बायामाणसं होती. सुभेदार दोन दिवस डोळे मिटून पडलेले, कुणाच्या हाकेला ओ नाही. मुलगी त्यांच्या उशाशी बसून, "आबा, ओ आबा," करत हंबरडा फोडत होती. मी त्यांचा हात हातात घेतला आणि तळव्यावर माझी खूण ठोकली.

जरा वेळानं त्यांचं बोट हललं. 'कोण कोण आलंय?'

मी नावं सांगितली.

'रडतायत?'

'हो.'

'रिपोर्ट दे.'

बिनतारीवर कुणीही भेटलं की सगळ्यांत आधी त्याचा आवाज आपल्याकडे कसा येतोय ते सांगायचं असतं. पहिला आकडा स्पष्टपणाचा, पाचपैकी. दुसरा जोराचा, नवापैकी. राजा असो की मेंढपाळ, रिपोर्ट दिल्याशिवाय पुढे बोलणं नाही. मी मान वळवून खोलीभर नीट ऐकलं. मग प्रामाणिकपणे ठोकलं, 'मुलगी, पाच-नऊ. शेजारच्या काकू, तीन-आठ. जावई, पाच-एक.'

त्यांची छाती हलायला लागली. मुलगी घाबरून किंचाळली, "आबांना धाप लागली! डाक्टरांना बोलवा!" ती धाप नव्हती. माझा दुसरा हात त्यांच्या छातीवर होता. मला ते हसणं ओळखता येत होतं.

हसणं ओसरल्यावर त्यांनी माझ्या तळहातावर सावकाश, एकेक अक्षर, मधलं लांबवत आणि शेवटचं गिळत ठोकलं.

मुलीनं माझा दंड धरला. "काय म्हनले? काय म्हनले आबा? सांगा ना!"

जावईसुद्धा पुढे सरकले. त्यांच्या चपला कुरकुरल्या.

ते म्हणाले होते, 'जावयाला सांग, तार तपास. आवाज पोचत नाही.'

मी म्हणालो, "सगळ्यांची आठवण काढली. जावईबापूंची विशेष."

तेव्हा मात्र जावई मोठ्यानं रडले. मी लगेच तळव्यावर नवा रिपोर्ट दिला.